‘खर्च शंभर टक्के’: एका लोकलेखा समितीने वित्त विभागाला विचारलेल्या प्रश्नांचं प्रकरण

हे प्रकरण एका राज्याच्या विधिमंडळातलं आहे. राज्य, योजना आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत. रकमाही दिलेल्या नाहीत, कारण रकमेवरून योजना ओळखू येते आणि योजनेवरून सचिव. सभागृहाने दिलेला पैसा त्याच कामाला लागला का, हे तपासणाऱ्या आमदारांच्या या लोकलेखा समितीसाठी टिपणं तयार करणाऱ्यांमध्ये मीही होतो. त्यामुळे पुढे जे चुकलं म्हणून लिहिलं आहे त्यातला थोडा वाटा माझाही समजावा.

पार्श्वभूमी

सुरुवात एका तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या, प्रश्नापासून झाली. पहिल्यांदाच निवडून आलेल्या एका आमदारांनी तो विचारला होता. त्या आधी जिल्हा परिषदेत होत्या आणि समितीत सगळे त्यांना ताईच म्हणत. त्यांच्या मतदारसंघातल्या एका शाळेत पावसाळ्यात तीन वर्ग एकाच खोलीत बसत, कारण बाकीच्या दोन खोल्या गळत होत्या. शाळादुरुस्तीची राज्य योजना होती आणि यादीत या शाळेचं नावही होतं. ताईंनी विचारलं, गेल्या आर्थिक वर्षात या योजनेवर किती खर्च झाला? उत्तर आलं: मंजूर तरतुदीच्या शंभर टक्के.

ताईंना वाटलं, मंत्री सभागृहात धडधडीत खोटं बोलले. हक्कभंगाची सूचना आणता येईल का, हेही त्यांनी विचारून पाहिलं. पण मंत्री खोटं बोलत नव्हते. सगळी गोम तिथेच होती आणि ती कळायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागलं.

दरम्यान भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल विधिमंडळापुढे आला. राज्यघटनेच्या अनुच्छेद 151 (2) नुसार तो राज्यपालांकडे जातो आणि ते तो सभागृहापुढे ठेववतात. त्यात शिक्षण विभागाच्या मार्चअखेरच्या खर्चावर एक परिच्छेद होता. लोकलेखा समितीने तो तपासणीला घेतला. ताई समितीच्या सदस्य होत्या, समितीप्रमुख विरोधी पक्षाचे होते.

अडचण नेमकी काय होती

समजा, योजनेला 100 रुपये मंजूर झाले. अर्थसंकल्पातली तरतूद 31 मार्चला व्यपगत होते. न वापरलेले पैसे पुढच्या वर्षी आपोआप मिळत नाहीत. वित्त विभागाने त्यातले 30 रुपये डिसेंबरपर्यंत सोडले आणि उरलेले 70 मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. आठवड्याभरात निविदा निघत नाही, छप्पर तर दूरच. मग अधिकारी काय करतो? कोषागारात देयक लावतो, 70 रुपये एकत्रित निधीतून, म्हणजे राज्याच्या मुख्य तिजोरीतून, काढतो आणि स्वतःच्या पदनामाच्या स्वीय प्रपंजी लेख्यात टाकतो. कार्यालयात याला कोणी पूर्ण नावाने हाक मारत नाही, सगळे पीएलए (पर्सनल लेजर अकाउंट) म्हणतात.

पीएलएही सरकारचंच खातं, तेही कोषागारातच. फरक एवढाच की ते राज्याच्या एकत्रित निधीत मोडत नाही, लोकलेख्यात, म्हणजे ठेवींसारख्या पैशांच्या वेगळ्या कप्प्यात, मोडतं. लेखाशीर्ष 8443, नागरी ठेवी, त्याखाली 106, वैयक्तिक ठेवी. अनुच्छेद 266 मध्ये या दोन कप्प्यांची फोड आहे. पहिल्या कप्प्यातून दुसऱ्यात पैसे गेले की पहिल्या कप्प्याच्या हिशेबात तो ‘खर्च’. शाळेत एक पत्राही बसलेला नसतो, तरी योजनेपुढे शंभर टक्के लिहिता येतं आणि तसं लिहिणाऱ्याची चूक कोणी काढू शकत नाही.

याला नियम नाहीत असं नाही. एकत्रित निधीतून पैसे वळवून उघडलेलं असं खातं वर्षअखेरीला बंद करून शिल्लक मूळ लेखाशीर्षाला वजा नावे टाकून, म्हणजे तिथल्या खर्चातून वजा दाखवून, परत करायची असते. मार्चमधल्या घाईच्या खर्चाबद्दल केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियम 2017 मध्ये नियम 62 (3) आहे. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतली खर्चाची गर्दी हा वित्तीय औचित्याचा भंग समजावा, असं तो म्हणतो. राज्यांच्या नियमपुस्तकांतही याच आशयाच्या तरतुदी असतात. नियम सगळ्यांना पाठ होता, अधिकाऱ्यांना तर आमच्याहून जास्त.

आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा उमगली. पीएलएतल्या शिलकीची घाई वित्त विभागाला नसते, कारण तिथे पैसे असेपर्यंत सरकारच्या रोकडीतून काहीच बाहेर जात नाही. कागदावर खर्च पडतो आणि रोकड हाताशी राहते. रोकड कमी पडली की रिझर्व्ह बँकेकडून अर्थोपाय अग्रिम, म्हणजे थोड्या मुदतीची उचल, घ्यावा लागतो. तो टाळायचा असलेल्या विभागाला ही व्यवस्था गैरसोयीची नव्हती. पैसे मार्चमध्ये का सोडता, याचं प्रामाणिक उत्तर कदाचित एवढंच होतं. ते कोणी दिलं नाही, आणि आम्हीही ते बाहेर येईल अशा रीतीने विचारलं नाही.

त्यातच हिवाळी अधिवेशनात याच योजनेसाठी पुरवणी मागणी येणार असल्याची कुणकुण लागली. आधीचे पैसे खात्यात पडून असताना सभागृहाकडे आणखी पैसे मागितले जाणार होते.

समोरचे पर्याय

समितीच्या खासगी चर्चेत चार वाटा निघाल्या.

ताईंना विषय सभागृहात न्यायचा होता. लक्षवेधी लावावी, मंत्र्यांना उभं करावं. त्यात वजन होतं, कारण लोकलेखा समिती मंत्र्यांना साक्षीला बोलावत नाही. तिच्यासमोर सचिव येतात. पण लक्षवेधीला मिळणारी मिनिटं मोजकी असतात आणि ‘शंभर टक्के’ हेच उत्तर पुन्हा मिळालं असतं, या वेळी अधिक आत्मविश्वासाने.

दुसरी वाट कपात सूचनेची. मागणी 1 रुपयावर आणा म्हटलं तर ती धोरणाला नापसंती, 100 रुपयांनी कमी करा म्हटलं तर एखाद्या विशिष्ट तक्रारीला वाचा फोडणं. शास्त्र म्हणून हे सुंदर आहे. व्यवहारात कपात सूचना मंजूर होणं म्हणजे सरकारवर अविश्वास, त्यामुळे सत्ताधारी बाकांवरचा एकही सदस्य तिला हात लावत नाही. समितीत तर सत्ताधारी सदस्यांचंच बहुमत होतं.

तिसरी, महालेखापालांना, म्हणजे महालेखापरीक्षकांच्या राज्यातल्या कार्यालयाला, विशेष तपासणीची विनंती करायची. काम चोख झालं असतं, पण तोवर समितीची मुदत संपली असती.

चौथी नेहमीची: वित्त विभागाच्या सचिवांना साक्षीला बोलवायचं. हीच निवडली. ती निवडताना फार विचार झाला असं मी म्हणणार नाही. परिच्छेद आला की प्रश्नावली पाठवायची, लेखी खुलासा आला की साक्ष ठेवायची, अशी घडी बसलेली आहे, आणि आम्ही घडीप्रमाणे गेलो.

पहिली साक्ष

वित्त सचिवांना एका दिवशी बोलावलं, शिक्षण विभागाच्या सचिवांना त्याच्या पुढच्या आठवड्यात. ही पहिली मोठी चूक.

वित्त सचिव म्हणाले, आम्ही निधी वितरित केला, खर्च करणं प्रशासकीय विभागाचं काम. आठवड्याने शिक्षण सचिव म्हणाले, निधी मार्चअखेर हाती पडला, तो व्यपगत होऊ नये म्हणून नियमांच्या चौकटीत सुरक्षित ठेवला. दोघांचंही खरं. दोघं एकाच वेळी एका टेबलाशी असते तर एकाच्या उत्तरातून दुसऱ्याला प्रश्न विचारता आला असता. वेगवेगळ्या दिवशी बोलावून आम्ही प्रत्येकाला गैरहजर माणसाकडे बोट दाखवायची सोय करून दिली.

दुसरी चूक प्रश्नांची. आमचे जवळजवळ सगळे प्रश्न ‘का’ने सुरू होणारे होते. निधी उशिरा का दिला? दुरुस्त्या का झाल्या नाहीत? ‘का’ला कारण मिळतं आणि सरकारकडे कारणांचा कधीच तुटवडा नसतो. महसूल उशिरा जमा झाला, आचारसंहिता आली, दरसूची बदलली. शिवाय काही सदस्यांचे प्रश्न म्हणजे आपापल्या मतदारसंघाची कहाणीच होती. त्यात दहा मिनिटं जात, आणि सचिव शेवटच्या वाक्याला उत्तर देऊन मोकळे होत.

तिसरा क्षण जास्त मोलाचा होता आणि तो हातातून गेला. एका सदस्याने विचारलं, वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत निधीवर इतकी कात्री कशासाठी? सचिव शांतपणे म्हणाले, ‘ही धोरणात्मक बाब आहे, महोदय. समितीच्या कक्षेत येणार नाही.’ खोलीत क्षणभर शांतता झाली आणि समितीप्रमुखांनी पुढचा प्रश्न घेतला.

कक्षेचा हा मुद्दा अर्धा खरा आहे. धोरण योग्य की अयोग्य हे लोकलेखा समिती ठरवत नाही. पण ते धोरण राबवताना पैसा वाया गेला का, सभागृहाने ज्या कामासाठी दिला त्याच कामाला लागला का, हे तिचंच काम आहे. ‘धोरण’ हा शब्द ऐकून आम्ही मागे सरलो, कारण प्रतिप्रश्न तयार नव्हता. तो टिपणात असायला हवा होता, आणि टिपण मी केलं होतं.

(इथे जाता जाता एक आठवण. आपल्या देशात केंद्रीय लोकलेखा समिती 1921 मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं अध्यक्षपद सरकारच्या वित्त सदस्याकडेच, म्हणजे तेव्हाच्या अर्थमंत्र्याकडेच, असे. ज्याला विचारायचं तोच विचारणाऱ्यांचा प्रमुख. 1950 मध्ये राज्यघटना लागू झाल्यावर ते थांबलं आणि 1967 पासून संसदेत हे पद विरोधी पक्षाकडे देण्याचा पायंडा पडला. खुर्ची बदलली, तरी सचिवांचा सूर ऐकून दचकायची सवय काही सदस्यांत अजून आहे.)

वळण

दोन साक्षींनंतर हाती काय लागलं ते मांडायला बसलो तर दीड पान भरलं, आणि तेही खुलाशांनीच. ताई वैतागल्या होत्या. जिल्हा परिषदेत असताना त्यांनी बऱ्याच रोकडवह्या पाहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘खर्च किती हे विचारतोच कशाला? वहीत मागे शिल्लक किती ते विचारा ना.’

मी परिच्छेद पुन्हा काढला. परिच्छेदाला परिशिष्ट होतं. त्यात योजनेशी संबंधित काही पीएलए खात्यांच्या अखेरच्या शिलका छापलेल्या होत्या. हा कागद पहिल्या दिवसापासून आमच्या फायलीत होता. परिच्छेद सगळ्यांनी वाचला होता, परिशिष्टापर्यंत कोणी गेलं नव्हतं.

मग ठरलं, कारणं मागायची नाहीत, तक्ता मागायचा. योजनेचा निधी ज्या ज्या पीएलएत गेला त्या प्रत्येक खात्याची एक ओळ आणि सहा रकाने: खातेधारकाचं पदनाम, 1 एप्रिलची आरंभीची शिल्लक, वर्षातली जमा, वर्षात काढलेली रक्कम, 31 मार्चची अखेरची शिल्लक, शेवटच्या व्यवहाराचा दिनांक. तक्ता विभागाकडून न मागता लेखा व कोषागारे संचालनालयाकडून मागायचा. विभाग सांगतो ते त्याचं म्हणणं असतं, कोषागार सांगतं ती नोंद असते.

इथे समितीत थोडी तणातणी झाली. काही सदस्यांना खातेधारकांची नावं हवी होती. समितीप्रमुखांनी ते मोडून काढलं. नावं आली की तीन वर्षांपूर्वी बदलून गेलेल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांवर चर्चा घसरेल आणि वित्त विभाग सुटेल, असं त्यांचं म्हणणं होतं. फक्त पदनामं मागवायची, असं ठरलं. माझ्या मते या प्रकरणातला हा सगळ्यात शहाणा निर्णय.

दुसरी साक्ष

या वेळी वित्त सचिव, शिक्षण सचिव आणि कोषागारे संचालक तिघं एकाच दिवशी. तक्ता सगळ्यांपुढे. काही खात्यांत तीन-तीन वर्षं एकही व्यवहार नव्हता. काहींत प्रत्येक 31 मार्चला भर पडत होती आणि काढलेल्या रकमेच्या रकान्यात शून्य. ताईंच्या तालुक्याची ओळही त्यात होती.

प्रश्न आता छोटे झाले होते. ‘ओळ क्रमांक नऊ. अखेरची शिल्लक नियमाप्रमाणे परत आली का?’ ‘नाही.’ ‘खातं चालू ठेवायला वित्त विभागाची परवानगी होती का?’ वित्त सचिवांनी शिक्षण सचिवांकडे पाहिलं. शिक्षण सचिव म्हणाले, परवानगी मागितली होती, उत्तर आलं नाही. संचालक म्हणाले, खातं बंद करण्याचे आदेश नसतील तर कोषागार ते परस्पर बंद करत नाही. पहिल्या फेरीत दोन बैठकांत जे निघालं नव्हतं ते या तीन वाक्यांत निघालं.

‘धोरणात्मक बाब’ पुन्हा आलीच. या वेळी समितीप्रमुखांपुढे चिठ्ठी तयार होती. धोरण तुमचं, सभागृहाने दिलेला पैसा कुठे आहे एवढंच सांगा, असं ते म्हणाले. सचिवांनी पाणी प्यायलं आणि सांगितलं, माहिती लेखी देतो.

सभागृहातली ती दुपार

यानंतर जे झालं त्यावर समितीत अजूनही एकमत नाही.

दुसरी साक्ष झाली आणि दोन आठवड्यांत हिवाळी अधिवेशन लागलं. पुरवणी मागण्यांत शाळादुरुस्ती योजना होतीच. समितीचा अहवाल तयार नव्हता, आणि अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत समितीपुढचे कागद आणि साक्ष गोपनीय असतात. त्या चौकटीत ताईंना तक्त्यातला एकही आकडा सभागृहात उच्चारता येत नव्हता. त्या बोलायला उभ्या राहिल्या, शाळा गळत असल्याचं सांगितलं आणि खाली बसल्या. ठरलेली वेळ संपताच उरलेल्या मागण्या एकत्र मतास टाकल्या गेल्या आणि आवाजी मतदानाने मंजूर झाल्या. पाठोपाठ ते पैसे काढायला परवानगी देणारं विनियोजन विधेयकही.

बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, ‘माहीत नव्हतं तेव्हा जास्त बोलता येत होतं.’

आम्हाला वाट होती. समिती अंतरिम अहवाल देऊ शकली असती. सहा रकान्यांचा तक्ता, खाली चार ओळी, बाकी काही नाही. तो मागण्यांच्या चर्चेआधी मांडला असता तर मागणी नामंजूर झाली नसती, ते संख्याबळ नव्हतंच. पण मंत्र्यांना आधीच्या शिलकीचा हिशेब सभागृहात द्यावा लागला असता. समितीप्रमुखांचं म्हणणं असं की घाईने अहवाल काढला असता तर सत्ताधारी सदस्य बिथरले असते आणि अंतिम अहवालावरचं एकमत गेलं असतं. लोकलेखा समितीचं वजन एकमतातच असतं, हे खरंच. तरीही अंतरिम अहवालाचा विषय एकदा तरी कार्यक्रमपत्रिकेवर यायला हवा होता. तो आला नाही. कोणी सुचवलाच नाही. मीही नाही.

निष्पत्ती

अहवाल पुढच्या अधिवेशनात मांडला गेला, एकमताने. तीन शिफारशी होत्या: व्यवहार थांबलेली खाती बंद करून शिल्लक परत घ्यावी, कोणत्याही योजनेच्या पुरवणी मागणीच्या प्रस्तावाला त्या योजनेच्या पीएलए शिलकीचं कोषागाराने दिलेलं प्रमाणपत्र जोडावं, आणि विधिमंडळाच्या प्रश्नाला उत्तर देताना ‘खर्च’ म्हणजे एकत्रित निधीतून काढलेली रक्कम की ज्याचे पैसे द्यायचे त्याला प्रत्यक्ष दिलेली, हे स्पष्ट करावं.

शिफारशींवर सरकारने काय केलं ते सांगणाऱ्या कार्यवाही अहवालात पहिली शिफारस मान्य झाली. बरीच खाती बंद झाली, पैसे परत आले. दुसरीवर परिपत्रक निघालं आणि मला वाटतं हे खरं यश, कारण पुरवणी मागणीची फाईल आता त्या प्रमाणपत्राशिवाय वित्त विभागातच पुढे सरकत नाही. तिसरीपुढे ‘नोंद घेण्यात आली’ असं लिहून आलं. सरकारी कामकाज ज्याने जवळून पाहिलं आहे त्याला या तीन शब्दांचा अर्थ सांगायला नको.

ताईंच्या मतदारसंघातल्या शाळेचं छप्पर झालं. या योजनेतून नव्हे. जिल्हा परिषदेने सेस फंडातून, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नातून, घातलं.

आज करायचं असतं तर

अंतरिम अहवालाचं वर सांगितलंच. संबंधित अधिकाऱ्यांना पहिल्यापासून एकत्र बोलावणं, ‘का’च्या आधी ‘किती’ आणि ‘कुठे’ विचारणं, परिशिष्ट आधी वाचणं, हे सगळं आता सोपं वाटतं.

एका बाबतीत मात्र माझी खात्री नाही. वित्त सचिवांना रोकडीच्या प्रश्नावर थेट विचारायला हवं होतं का? मार्चपर्यंत पैसे धरून ठेवण्याची गरज का पडते, अर्थोपाय अग्रिमावर राज्य किती दिवस होतं, असं? विचारलं असतं तर कदाचित खरं दुखणं बाहेर आलं असतं. पण मग तक्ता बाजूला पडून राज्याच्या आर्थिक स्थितीवर भाषणं झाली असती आणि सत्ताधारी सदस्य बचावाला उभे राहिले असते. समितीप्रमुखांनी जाणूनबुजून तो विषय टाळला. मी त्यांच्या जागी असतो तर काय केलं असतं, सांगता येत नाही.

आणि तक्ता अपुरा होता, हे पुढच्या वर्षी कळलं. पीएलएतल्या शिलका घटल्या तशी समितीने पाठ थोपटून घेतली. काढलेल्या रकमेच्या रकान्यात आता शून्य नव्हतं. ती रक्कम कोणाकडे गेली हे मात्र आम्ही विचारलं नव्हतं. तिचा काही भाग एका शासकीय महामंडळाच्या बँकेतल्या बचत खात्यात गेला होता. म्हणजे कोषागाराच्याच बाहेर, संचालकांच्या नोंदींच्या पलीकडे. छप्परं तिथेही नव्हती. सातवा रकाना घातलेला मसुदा मी तयार केला: ‘काढलेली रक्कम कोणास दिली’. तोवर समितीची मुदत संपली होती. नव्या समितीने दुसरे परिच्छेद तपासायला घेतले. मसुदा त्याच फायलीत आहे, परिशिष्टाच्या मागे.